चौदा नंबरच्या मशीनला आधी विचारा

आमगावच्या एका कॉलेजातले चौदा संगणक भंगारात जाणार की राहणार, हे गेल्या वर्षी काही आठवडे माझ्या एका ‘नाही’वर अडून होतं. मला त्याचा पत्ताही नव्हता. त्याच गावात, त्या कॉलेजपासून चालत दहा मिनिटांवर, पंख्याखाली बसून मी तो ‘नाही’ लिहिला होता. लिहून झाल्यावर चहा नेहमीपेक्षा बरा लागला होता, हेही कबूल करतो.

माझं काम काय, हे नातेवाइकांना मी कधीच नीट सांगू शकलेलो नाही. ‘कंप्युटरचं’ म्हटलं की ते प्रिंटर घेऊन येतात. संगणक चालू झाला की सगळा कारभार जो प्रोग्राम हातात घेतो, त्याला कर्नल म्हणतात. आमचं कर्नल जगभरातली माणसं मिळून लिहितात. कुणी बदल सुचवला की तो पॅच म्हणून मेलिंग लिस्टवर, म्हणजे सामायिक ईमेलवर, सगळ्यांसमोर येतो आणि माझ्यासारखे काहीजण तो ओळ न् ओळ वाचून हो किंवा नाही म्हणतात. माझ्याकडे त्यातला एक लहानसा कोपरा आहे. प्रोसेसरमध्ये आभासी यंत्रं चालवायची ताकद आहे का, हे ओळखणारा कोड. आभासी यंत्र म्हणजे एका संगणकाच्या पोटात दुसरा संगणक, आणि त्या पोटातल्याला वाटत असतं की आपणच खरे.

हा कोड मला फार आवडतो. तो स्वभावाने संशयी आहे, आणि मीही. तो प्रोसेसरला विचारतो, तुझ्यात ही ताकद आहे का? प्रोसेसर हो म्हणतो. त्याच्यावर हा विश्वास ठेवत नाही. कारण कर्नलच्या आधी फर्मवेअर, म्हणजे मदरबोर्डवर कंपनीनेच भरून दिलेला प्रोग्राम, जागं झालेलं असतं, आणि ते ती ताकद बंद करून वर कुलूप घालू शकतं. मग हा दुसरा प्रश्न विचारतो: कुलूप लागलंय का, आणि लागलं असेल तर परवानगी देऊन की काढून घेऊन? हा दुसरा प्रश्न काही प्रोसेसरांना कळतच नाही आणि बेसावधपणे विचारला तर मशीन जागच्या जागी मरतं, म्हणून तो जपून विचारायचा असतो. सगळं मिळून शे-दीडशे ओळी. पण एकेका ओळीमागे कुणाचे तरी हात पोळलेले आहेत. नवीन माणसाला ती ओळ उगाच वाटते, तो काढायला जातो, आणि त्याचेही पोळतात.

बारा वर्षं पुण्यात काढून मी गावी परतलो ते वडिलांच्या आजारपणामुळे. नंतर इथेच राहिलो. काम घरून होतं. फक्त लाइन जाते. वीज जाण्याला आमच्याकडे ‘लाइन गेली’ म्हणतात आणि उन्हाळ्यात हे दिवसातून दोन-तीनदा म्हणावं लागतं. माझा स्वभाव नाकावर माशी बसू न देणारा, त्यामुळे मी एक वही घातली होती. लाइन किती वाजता गेली, किती वाजता आली, आणि शेरा. शेऱ्याच्या रकान्यात मी जे लिहायचो ते इथे देता येणार नाही. सहा महिन्यांचा पुरावा गोळा करून वीज कार्यालयात तक्रार करायची, असा बेत होता.

बायको म्हणायची, “कायले वरडून राहिले? लाइन जाते न् येते. तुमच्या लिवल्यानं ते थांबते का?”

फेब्रुवारीत लिस्टवर एक पॅच आला. पाठवणाऱ्याच्या नावाच्या जागी नुसती आद्याक्षरं, पत्ता फुकटच्या मेलचा, इंग्रजी साधं आणि तुटक. म्हणणं असं होतं की काही मशीन्स झोपेतून उठल्यावर आभासी यंत्र सुरू करायला नकार देतात. पूर्ण बंद करून चालू केली की ठीक चालतात. सोबत आठ ओळींचा बदल.

ज्या फाईलमध्ये तो बदल होता, तिथली मूळ ओळ मीच मंजूर केलेली होती. आजकालच्या प्रोसेसरमध्ये एकाच चिपवर चार-आठ कोर असतात, म्हणजे चार-आठ मेंदू. मशीन चालू होताना आमचा कोड प्रत्येक कोरला स्वतंत्रपणे विचारतो. झोपेतून उठल्यावर मात्र फक्त पहिल्याला विचारून बाकीचे तसेच असतील असं धरतो. तेव्हा कुणीतरी शंका काढली होती आणि मी ऐटीत लिहिलं होतं की सगळे कोर एकाच साच्यातले, सगळ्यांना विचारून वेळ कशाला घालवायचा. भाताच्या मुलखातला माणूस मी. शितावरून भाताची परीक्षा, हे मला वेगळं शिकवावं लागलं नव्हतं.

म्हणून त्या पॅचला मी उत्तर दिलं, ते मराठीत सांगायचं तर असं: हा फर्मवेअरचा दोष आहे. फर्मवेअर नवं टाका, नाहीतर बोर्ड बदला. दुसऱ्याचा कचरा टाकायला कर्नल ही उकिरड्याची जागा नाही.

हे जगासमोर लिहिलं. चहा त्याच्यानंतरचा.

तीन आठवडे काही आलं नाही. मी विसरूनही गेलो. मार्चच्या सुरुवातीला त्याच आद्याक्षरांनी दुसरा मेल आला. त्यात वाद नव्हता, माझ्या भाषेबद्दल एक अक्षर नव्हतं. फर्मवेअर नवं मिळत नाही, कंपनीने तो बोर्ड सोडून दिलाय, एवढी एक ओळ. आणि खाली एक तक्ता.

तसा तक्ता मी माझ्या सगळ्या नोकरीत पाहिलेला नाही. चौदा मशीन्स. प्रत्येकाचे चार कोर. प्रत्येक वेळी झोपेतून उठल्यावर प्रत्येक कोरला दोन्ही प्रश्न विचारून आलेली उत्तरं. जिथे उत्तर मिळालं नाही तिथे ‘मिळालं नाही’ असंच लिहिलेलं, अंदाजाने भरलेलं नाही. एकोणीस दिवसांची नोंद. त्यात स्वच्छ दिसत होतं की पहिला कोर दरवेळी शहाण्यासारखा वागतो, आणि पाच मशीन्सवर चौथा कोर अधूनमधून कुलूप न लावलेला, परवानगी न मिळालेला, तसाच उठतो. त्या कोरवर काम गेलं की मशीन म्हणणार, मला हे जमत नाही. माझं एक शीत शिजलेलं होतं आणि हंडी कच्ची होती.

तक्त्याच्या डाव्या टोकाला दोन रकाने होते: वीज गेल्याची वेळ, वीज आल्याची वेळ. या ठिकाणी वीज गेली की यूपीएसवर ताण नको म्हणून मशीन्स झोपवतात, असं खाली स्पष्टीकरण होतं. मी त्या वेळांवरून सहज नजर फिरवली. अकरा चाळीसला गेली, बारा पंचवीसला आली. दुसऱ्या दिवशी तीन दहाला गेली.

तीन दहा. त्या दिवशी तीन दहाला मी एका मीटिंगमध्ये बोलत असताना लाइन गेली होती आणि शेऱ्याच्या रकान्यात मी अख्ख्या वीज खात्याचा उद्धार केला होता. मी वही काढली. अकरा चाळीस, बारा पंचवीस. जुळलं. पुढची जुळली. त्याच्या पुढचीही. एकोणीस दिवसांच्या सगळ्या वेळा, कुठे एखाद्या मिनिटाचा फरक सोडला तर, माझ्या वहीशी जुळत होत्या.

हे बायकोला दाखवलं तेव्हा ती म्हणाली, “म्हंजे आपल्या गावात तुमच्यावानी अजून एक हाये तर.”

मी मेल लिहिला. एकच शब्द, आणि तोही मराठीत: आमगाव?

अर्ध्या तासाने उत्तर आलं. हो, कॉलेजची संगणक लॅब. तुम्ही कुठून?

मी चप्पल घातली आणि निघालो.

लॅब मागच्या बाजूला, सायकल स्टँडला लागून होती. दारापाशी एक बाई पायपुसणं झटकत होत्या. माझ्याहून चार-सहा वर्षांनी मोठ्या, केसांत पांढरं बरंच, कानाच्या मागे पेन खोचलेलं. मी कॉलेजात कुणाला भेटायचं ते विचारलं आणि मग मेलमधली आद्याक्षरं सांगितली.

“मीच,” त्या म्हणाल्या. “तुमी कोन?”

मी नाव सांगितलं. त्यांनी पायपुसणं नीट अंथरलं आणि मला खालपासून वरपर्यंत पाहिलं.

“उकिरडावाले तुमीच का? मले वाटलं, अमेरिकेत असान.”

“का?”

“आमाले वाटते मोठी मानसं तिकडंच ऱ्हातेत. पन मंग म्हनलं, एवढं तोडून लिवनारा आपल्याच इकडचा असन. या, बसा. चाय घेसान का?”

मी माफी मागायची म्हणून वाक्य तयार करून आणलं होतं, ते तिथेच विरघळलं. नुसतं “ताई, चुकलं माझं” एवढंच म्हणालो. त्या म्हणाल्या, “चुकलं तं चुकलं, आता पॅच वाचा.”

ताई लॅबमध्ये सहायक होत्या. फार पूर्वी बीएस्सी केलेलं. नागपूरच्या एका ऑफिसने जुनी म्हणून काढलेली ही चौदा मशीन्स, ती चालतील अशी हमी प्राचार्यांसमोर स्वतः देऊन त्यांनी आणवली होती. त्यावर सर्व्हरचा अभ्यासक्रम सुरू झाला. त्यात प्रत्येक मुलीने एका मशीनच्या पोटात तीन मशीन्स उभी करायची आणि त्यांचं आपसात बोलणं जमवायचं. वर्गात अठ्ठावीस मुली, दोन तुकड्यांत. निम्म्या सालेकसा, दरेकसाच्या बाजूने गाडीने येणाऱ्या. लाइन गेली की यंत्रं झोपायची, उठली की त्यांतली काही ‘जमत नाही’ म्हणायची. प्राचार्यांनी सांगून टाकलं होतं की एप्रिलच्या प्रात्यक्षिक परीक्षेत एक जरी मशीन अडलं, तरी पुढच्या सत्रापासून प्रात्यक्षिकं गोंदियाला होतील आणि ही सगळी भंगारात निघतील.

“गोंदिया काही लांब नाही,” मी म्हणालो.

“तुमाले नाही,” ताई म्हणाल्या. “दरेकश्याच्या पोरी पहाटं मोह वेचतेत, मंग गाडी धरतेत. आमगावपावतर घरचे धाडतेत. गोंदिया म्हनलं का संध्याकाळची गाडी, अंधार, घ्याले कोन येइन, असे सप्पा सवाल निघतेत. मी घरोघरी जाऊन आली ना. निम्म्या पोरी घरी बसतीन. लिहून ठेवा.”

त्या कोणत्याही गोष्टीत आवाज चढवत नव्हत्या. तेच जास्त लागलं. मी विचारलं की कर्नलचा कोड वाचायला कुठे शिकलात. त्यांनी कपाटातून तीन शंभरपानी वह्या काढल्या. मशीन ‘जमत नाही’ म्हणालं की ते कुठल्या ओळीवरून म्हणतं, हे शोधत शोधत त्या माझ्या फाईलपर्यंत आल्या होत्या. एकेक ओळ हाताने उतरवून खाली मराठीत अर्थ लिहिला होता. जिथे कळलं नाही तिथे ‘हे काऊन?’ असं लाल पेनने. तीन महिने. ते काम मी करतो त्याला पगार आहे, हे मला त्या क्षणी फार ठळकपणे जाणवलं. माझ्या त्या जुन्या ओळीपाशी, ‘बाकीचे पहिल्यासारखेच’ असं जिथे धरलं होतं, तिथे लाल पेनने दोनदा लिहिलं होतं. हे काऊन? हे काऊन?

“शितावरून भाताची परीक्षा,” मी ओशाळून म्हणालो.

“घरच्या हंडीत,” त्या म्हणाल्या. “लगनाच्या मोठ्या गंजात पाहा ना कधी. वरचं शीत मऊ असते न् खाली करपून राहते.”

त्यांचे वडील गावच्या तलावाचं पाणी वाटायचे. तलाव बांधणाऱ्यांचंच घराणं. पावसाने ओढ दिली की तलावाचं पाणी सोडायचं दगडी तोंड, तुडूम, उघडायचं आणि पाटाने ते बांध्याबांध्यांतून उतरत जायचं. बांधी म्हणजे धानाचं एकेक वाफ्यासारखं शेत. ताई सांगू लागल्या, “तुडूम उघडलं का पयली बांधी भरतेच. तिले काय पुसायचं? पयल्या बांधीवाला तं वरडतोच, आलं आलं म्हनून. बाबा त्याच्याकडं पायतबी नव्हते. सीधे शेवटच्या बांधीत जायचे न् पाय ठेवायचे. पाय वला झाला का मंगच म्हनत, पोचलं. मंग मांगं येत येत सप्पा बांध्या पायत यायचे. त्याच्या आदी गावानं कितीबी म्हनलं, बाबा बोलत नव्हते.”

एवढं सांगून त्या पुन्हा तक्त्याकडे वळल्या. मी मात्र त्या शेवटच्या बांधीपाशीच उभा होतो. मला ज्या कोडचा अभिमान होता त्याचं सगळं शहाणपण त्या एका पायात होतं, आणि मी ते स्वतःच्या हाताने कोडमधून बाहेर काढलं होतं.

त्या रात्री लिस्टवर मी माझं उत्तर मागे घेतलं. ‘दोष माझ्या ओळीत आहे’ हे वाक्य लिहायला चार शब्द लागतात आणि मला दीड तास लागला. मग मी ताईंचा पॅच घेऊन बसलो. त्यांचा बदल बरोबर होता, पण एक कोपरा राहिला होता. एखाद्या कोरवर फर्मवेअरने परवानगी काढून कुलूप घातलंच असेल, तर ते आपल्याला उघडता येत नाही. तेव्हा अख्ख्या मशीनने खरं सांगावं की जमत नाही. तीन कोर हो म्हणतात म्हणून चौथ्याचं दडवायचं नाही. ज्याला कुलूप नाहीच, त्याला आपण परवानगी द्यावी आणि मग आपणच कुलूप घालावं. हे सगळं मी माझ्या परीने सुबक लिहून दुसऱ्या दिवशी त्यांना दाखवायला नेलं. शाबासकी मिळेल असं वाटत होतं.

त्यांनी चष्मा लावून ते दोनदा वाचलं. “पयल्या कोरले कायले सोडलं?”

“त्याला आधीच विचारलेलं असतं.”

“कवा? झोपाच्या आदी, का उठल्यावर?”

मी तो पॅच पुन्हा वाचला. माझ्या नव्या कोडमध्ये पहिल्या कोरचं उत्तर झोपण्याआधीचं होतं, जपून ठेवलेलं. उठल्यावर त्याला कुणी विचारतच नव्हतं. वीस वर्षं दुसऱ्यांचे पॅच तपासणाऱ्या माणसाला ताईंनी एका वाक्यात पकडलं होतं, तेही चहा गाळता गाळता. राग आला नाही. मला आश्चर्य वाटलं ते याचंच. उलट इतका आनंद झाला की मी मोठ्याने हसलो आणि सायकल स्टँडमधल्या पोरी वळून बघायला लागल्या.

“न् शेवटून सुरू करा,” त्या म्हणाल्या.

“ताई, कुठूनही सुरू केलं तरी सगळ्यांना विचारणारच ना आपण? काही फरक पडत नाही.”

“मंग शेवटून कराले तुमचं काय जाते?”

शेवटून केलं. लिस्टवर दुसऱ्या देशातल्या एकाने विचारलं की मोजणी उलटी का आहे. मी लिहिलं की चाचणी करणाऱ्या बाईंचा आग्रह आहे आणि तो मोडायची माझी हिंमत नाही. त्याने हसण्याची खूण पाठवली. पुढे कुणी विचारलं नाही.

आता एकच राहिलं होतं. आमच्या धंद्यात पॅचच्या तळाशी ओळी असतात: हा कुणी लिहिला, कुणी तपासला, कुणी चालवून पाहिला. ‘चालवून पाहिला’ ही ओळ ज्याची त्याने द्यायची असते. पॅच पुढच्या आवृत्तीत जायचा तर ती ओळ मला एप्रिलच्या मधल्या शुक्रवारपर्यंत हवी होती. ताईंनी चौदाही मशीनवर नवं कर्नल चढवलं होतं. मी म्हणालो, मेन स्विच पाडू, परत चालू करू, बघू, आणि द्या ओळ.

“बटन पाडलं का लाइन एकदम जाते,” त्या म्हणाल्या. “आपली लाइन तशी जाते का? दोनतीनदा डोळे मिचकावते, मंग जाते. मशीनले झोप म्हनलं, उठ म्हनलं, परत झोप म्हनलं. तवाच तं तो चवथा कोर गडबडते. खरी लाइन जाऊ द्या.”

मग आम्ही लाइन जायची वाट पाहू लागलो. आणि जाईल ती आमगावची लाइन कसली! कुठल्या तरी मोठ्या दुरुस्तीनंतर वीज अशी काही स्थिर झाली की आठ दिवस पंखा थांबला नाही. ज्या वहीत मी वीज खात्याला शिव्या घातल्या त्याच वहीत आता मी रोज ‘आजही नाही’ असं हळहळून लिहीत होतो. बायकोला हसू आवरत नव्हतं. ती म्हणाली, “आता तक्रार द्या ना जाऊन, लाइन जाऊन नाही राहिली म्हनून.”

मी ताईंना दोनदा विनवलं. शुक्रवार जवळ येतोय, पॅच राहिला तर पुढची आवृत्ती दोन-अडीच महिन्यांनी, एवढ्या स्वच्छ कामाला एक ओळ द्यायला काय हरकत आहे. त्या फक्त मान हलवत. प्राचार्यांनीही बोलावून विचारलं की मशीन्स ठीक झाली असं लेखी देता का. त्यांनाही त्यांनी सांगितलं, “झाल्यावर देइन.” मला हे हट्टीपण वाटलं, आणि घरी येऊन मी तसं बोललोही. परीक्षा गुरुवारी होती.

गुरुवारी मी गेलो. माझं तिथे काही काम नव्हतं, पण घरी बसवेना. नागपूरहून आलेले परीक्षक टेबलाशी बसले होते. चौदा मशीनांवर पहिल्या तुकडीच्या चौदा मुली. चौदा नंबरला, खिडकीपाशी, दरेकश्याची एक मुलगी होती. बोटं अजून मोहाच्या रसाने चिकट असावीत, ती सारखी रुमालाला पुसत होती. पहिली दोन मशीन्स सगळ्यांनी पोटात उभी केली होती. तिसरं राहिलं होतं.

बाहेर वारा सुटला. दिव्यांनी एकदा डोळे मिचकावले, मग दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा, आणि लाइन गेली. चौदाही पडदे एकापाठोपाठ काळे झाले.

परीक्षक घड्याळ पाहत म्हणाले, “हे असं असेल तर इथे केंद्र ठेवणं कठीण आहे.”

“येइन लाइन,” ताई म्हणाल्या. “पोरींनो, बसून राहा. कोनी हात लावू नका.”

सदतीस मिनिटं गेली. मी मोजली, सवयच होती. एकही मुलगी उठली नाही. प्राचार्य दारात येऊन उभे राहिले. ताई टेबलाशी हाताची घडी घालून उभ्या होत्या आणि त्यांच्या कानामागचं पेन एरवीपेक्षा थोडं वाकडं होतं. तेवढ्यावरून मला कळलं की त्या घाबरल्या आहेत.

लाइन आली. मशीन्स उठायला लागली. मी एक नंबरच्या मशीनपाशीच उभा होतो. तिथल्या मुलीने आज्ञा दिली, पडद्यावर अक्षरं धावली आणि तिसरं यंत्र उभं राहिलं. मी टाळी वाजवून ओरडलो, “झालं!”

ताईंनी माझ्याकडे पाहिलंही नाही. त्या रांगेतून सरळ चालत गेल्या. दोन नंबर, पाच नंबर, नऊ नंबर, कुठेही मान न वळवता. मी टाळीचे हात तसेच धरून उभा राहिलो. पहिल्या बांधीवाला मीच होतो.

चौदा नंबरपाशी त्या थांबल्या. मुलीने रुमाल ठेवला आणि आज्ञा दिली. पडदा बराच वेळ रिकामा राहिला. ताईंनी खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला. मग एक ओळ आली, दुसरी आली, आणि पोटातलं तिसरं मशीन नाव विचारत उभं राहिलं.

त्या मागे वळल्या. चौदावरून तेरावर आल्या, तेरावरून बारावर, प्रत्येक पडदा वाचत, एकही न गाळता. एक नंबरपाशी पोचल्या तेव्हा परीक्षक गुणपत्रिकेवर लिहू लागले होते आणि प्राचार्य मान डोलावून निघून गेले होते. ताईंनी कानामागचं पेन काढलं.

“पोचलं,” त्या म्हणाल्या. “आता लिवते मी.”

संध्याकाळी त्यांचा मेल लिस्टवर आला. वर तक्ता, चौदा ओळींचा, चौदा नंबरपासून सुरू होऊन एकवर संपणारा. खाली ती एक ओळ, आणि या वेळी आद्याक्षरांऐवजी पूर्ण नाव, त्यापुढे कॉलेज, आमगाव. मी तपासणाऱ्याची माझी ओळ तिच्याखाली लिहिली. त्याआधी चौदाही ओळी वाचल्या, शेवटच्या मशीनपासून.